पोकळ भिंतीवरचा नळ

आपल्यापैकी किती जणांच्या घरी हलणारा नळ आहे? खरं सांगा हं! डाव्या हाताने नळाची मान धरायची आणि उजव्या हाताने तो फिरवायचा, ही कसरत आपण सगळेच कधी ना कधी शिकलेलो असतो. पाहुणे आले की टॉवेल देता देता त्यांना बजावतो, "नळ जरा जपून हं, थोडा हलतो." पाहुणेही समजूतदारपणे मान डोलावतात, कारण त्यांच्या घरचाही हलतच असतो. दोष आपण नळाला देतो. कंपनीला देतो, पाण्याला देतो, घरातल्या दांडगट पोरांना देतो. नळाच्या मागे, भिंतीच्या आत काय आहे, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचत नाही.

ही गोष्ट ज्याची आहे त्याला ते विचारायची गरजच नव्हती. भिंतीच्या आत जे हवं होतं आणि नव्हतं, ते त्यानेच गाळलेलं होतं.

तो प्लंबर होता. चाळिशी ओलांडलेला, काटक, बोलका. एका दिवसात दोन बाथरूम उरकायचा म्हणून सगळे त्याला 'झटपट' म्हणत आणि त्यालाही ते नाव आवडायचं. माणूस वाईट नव्हता. शेजारणीचं तुंबलेलं सिंक एका हाकेला मोकळं करून द्यायचा, कुणाच्या घरी काही पडलेलं सापडलं तर परत करायचा. बायको कौतुकाने म्हणायची, "ह्यांच्या हातांना चाकं लावलीत!" फक्त एक वाक्य त्याच्या जिभेवर घर करून बसलं होतं. "दिसतंय कुणाला?"

शहराच्या नव्या भागात एक सहा मजली इमारत झाली. मजल्यावर चार घरं, एकूण चोवीस. तिथल्या सगळ्या बाथरूमचं काम झटपटनेच केलं होतं. आतल्या भिंती विटांच्या नव्हत्या. दीड-दोन फुटांवर एकेक लाकडी उभा खांब आणि त्या खांबांवर दोन्ही अंगांनी ठोकलेले बोर्ड. मध्ये पोकळी. भिंत हलकी आणि बघता बघता उभी राहणारी. अशा भिंतीवर टबाचा नळ बसवायचा तर नियम साधा आहे. भिंत बंद करण्याआधी दोन खांबांच्या मध्ये एक जाड आडवी फळी स्क्रूने पक्की करायची, गरम आणि गार पाण्याच्या पाइपांची तोंडं त्या फळीला आवळायची, पाणी दाबाने सोडून जोड तपासायचे आणि मगच बोर्ड लावायचा. नळाचा भार फळी घेते, फळीचा भार खांब घेतात. असा नळ तुम्ही कितीही ओढा, जागचा हलत नाही. फळी नसली तर तो बोटभरही जाड नसलेल्या बोर्डावर लटकत राहतो, आणि प्रत्येक हिसका आतल्या पाइपाच्या जोडाला बसतो. बाहेरून मात्र दोन्ही नळ अगदी सारखे दिसतात.

पहिल्या सात घरांत झटपटने फळ्या लावल्या होत्या. मग ठेकेदाराची घाई सुरू झाली. बोर्ड ठोकणारी माणसं हातोडे घेऊन मागे उभी राहायची आणि ठेकेदार जिन्यातून ओरडायचा, "झटपट, आवर रे! आज भिंत बंद झाली पाहिजे!" फळी मोजायची, कापायची, लेव्हल लावायची, यात तास-दीड तास जायचा. आठव्या घरात त्याने ती गाळली. दोन दिवस त्याला चुटपुट लागली. नवव्या घरात गाळली तेव्हा संध्याकाळपर्यंतच लागली. पुढे लागेनाशीच झाली. बोर्डाला दोन भोकं, त्यावर चकचकीत चकत्या, कडेने सिलिकॉनची सफाईदार रेघ, वरून फडकं मारलं की नळ आरशासारखा! दिसतंय कुणाला?

इमारतीत लोक राहायला आले. तीन महिन्यांनी चौथ्या मजल्यावरून तक्रार आली, 'नळ हलतो'. ठेकेदाराने झटपटला पाठवलं.

दार एका काकूंनी उघडलं. सत्तरीच्या, हसऱ्या, डाव्या पायाने किंचित लंगडत चालणाऱ्या. "या. तक्रार आमच्या ह्यांची आहे बरं का. मला विचाराल तर नळ झक्कास दिसतो."

बाथरूममध्ये टबाच्या कडेवर उंच, सडपातळ काका बसले होते. झटपटने पिशवी खाली ठेवतानाच सुरुवात केली, "काका, बघा की, नळ कसा लखलखतोय! एक ओरखडा दाखवा, बदलून देतो."

"दाखवला असता हो," काका म्हणाले, "पण मला दिसत नाही."

झटपटला वाटलं, टोमणा आहे. मग त्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काकांचे डोळे उघडे होते, पण ते त्याच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी लागलेले होते. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गप्प झालात म्हणजे ओशाळलात," काका हसून म्हणाले. "राहू द्या. तिसाव्या वर्षी नजर गेली. मला त्याची सवय झाली, लोकांनाच अजून व्हायची आहे. बसा, नळाचं सांगतो. आलो तेव्हा घट्ट होता. पंधरा दिवसांनी केसभर हलायला लागला. आज नखभर हलतोय. मी याला धरत नाही, मला टबाची कड पुरते. पण हिचा गुडघा गेलाय. टबातून उठताना ही यालाच धरून उठते."

मग ते उभे राहिले आणि दोन बोटांच्या पेरांनी भिंतीवर वाजवत सरकू लागले. ढब, ढब, ढब, टक! ते थांबले. "इथे लाकूड आहे." पुन्हा ढब, ढब, ढब. नळाच्या वर, नळाच्या खाली, नुसती ढब ढब. बरंच पुढे गेल्यावर टक! "आणि हे दुसरं लाकूड. मधे जिथे नळ आहे तिथे काहीच नाही. काय हो, हा नळ बसवलाय की नुसता चिकटवलाय?"

वीस वर्षांच्या धंद्यात सरावलेली झटपटची जीभ कामाला आली. "अहो काका, हल्लीच्या भिंती अशाच असतात. त्यांचं तंत्र वेगळं असतं. स्क्रू ढिला झाला असेल, आत्ता आवळून देतो."

त्याने चकत्या सैल केल्या, बोर्डात नवे स्क्रू मारले, भोकात सिलिकॉन दाबून भरलं आणि पान्याने सगळं करकचून आवळलं. नळ घट्ट झाला. काकांनी हात लावून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला.

"हिने धरला तर चालेल ना?"

"बिनधास्त!" झटपट म्हणाला.

जिना उतरताना तो शब्द त्याला चपलेत खडा जावा तसा खुपत राहिला. आजवर त्याने काम लपवलं होतं, पण तोंडावर खोटं बोलायची वेळ कधी आली नव्हती, कारण कुणी काही विचारलंच नव्हतं. खाली येईपर्यंत त्याने स्वतःची समजूत घातली की सिलिकॉन वाळलं की दगड होतं. दुपारी दुसऱ्या कामावर गेला आणि विसरला.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्याचा फोन वाजला. काकांचा आवाज शांत होता, प्रत्येक शब्द सुटा. "मी चौथ्या मजल्यावरून बोलतोय. नळ भिंतीतून उपटून आलाय. पाणी मी मुख्य कॉकपासून बंद केलंय. ही पडली आहे, शुद्धीवर आहे. रुग्णवाहिका निघाली आहे. तुम्ही या."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! झटपट धावत सुटला.

तो पोचला तेव्हा काकूंना खुर्चीत बसवून खाली आणत होते. उजवा हात उशीवर ठेवलेला, मनगट सुजून टम्म, चेहरा पांढराफटक. त्याला पाहून त्या हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "अहो, तुमचा नळ माझ्या हातातच आला की! मी म्हटलं, आता याला घेऊन जाऊ तरी कुठे?" तेवढ्यात कळ आली आणि त्यांनी ओठ दाबला. काका मागून कठड्याला धरून उतरत होते. झटपटच्या जवळून जाताना ते क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

वर घरभर पाणी झालं होतं. झटपटने ते काढलं. फडकी पिळून पिळून हात दुखले. बैठकीतली सतरंजी गच्चीवर वाळत घातली, पलंगाखालच्या पेट्या पुसून काढल्या. सगळं कोरडं झाल्यावर तो बाथरूममध्ये जाऊन टबासमोर बसला. भिंतीला हात जाईल एवढं भगदाड पडलं होतं. बोर्डाच्या कडा भिजून लोंबत होत्या, स्क्रू त्यांतच अडकून राहिले होते. आत तुटलेला जोड आणि त्याच्या मागे काळोखी पोकळी. त्याने आपलं काम आतून कधी पाहिलंच नव्हतं. आज तेच त्याच्याकडे बघत होतं.

काका-काकू संध्याकाळी परतले. मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर घातलं होतं. काकू औषध घेऊन आडव्या झाल्या. काका भिंत चाचपत बाथरूमपर्यंत आले.

"भिंत बंद केलीत?"

"नाही काका. उघडीच ठेवली आहे."

काकांनी भगदाडात हात घातला. वर फिरवला, खाली फिरवला, कोपरापर्यंत आत नेला. "इथे काय असायला हवं होतं?"

"फळी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"त्या दिवशी मी विचारलं, तेव्हाही?"

"तेव्हाही माहीत होतं."

काका टबाच्या कडेवर बसले. मग झटपटनेच भडाभडा सांगायला सुरुवात केली. "काका, ठेकेदार मागे उभा असतो. आम्हाला वेळच देत नाहीत. सगळेच असं करतात हो, मी एकटा नाही. आणि खरं सांगू? फळी लावली काय, न लावली काय, भिंत बंद झाली की दिसतंय कुणाला?"

शेवटचे शब्द तोंडातून गेले आणि आपण ते कुणासमोर बोललो हे त्याच्या ध्यानात आलं.

काका रागावले नाहीत. "बरोबर आहे," ते म्हणाले. "दिसत नाही. पण मला तर काहीच दिसत नाही. बाहेरची टाइल नाही, आतली फळी नाही. मला घरात सगळंच भिंतीआडचं आहे. तरी मी रोज सकाळी उठून चालतो. कशाच्या जोरावर? या मजल्याखाली कुणीतरी तुळई नीट बसवली असेल, जिन्याच्या पायऱ्या कुणीतरी सारख्या उंचीच्या केल्या असतील, गॅसची नळी कुणीतरी नीट आवळली असेल, या भरवशावर. आणि तुम्ही डोळस माणसं वेगळं काय करता? तुम्ही तरी पायरीच्या आत बघून पाय टाकता का?"

झटपट खाली मान घालून ऐकत होता.

"मी पंचवीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात लोकांचे फोन जोडून द्यायचो," काका पुढे म्हणाले. "तळघरातली खोली. मी कुणाला दिसत नव्हतो, मला तर कुणीच दिसत नव्हतं. कधी कंटाळा यायचा. एखादी लाइन पुन्हा पुन्हा लावूनही लागत नसली की वाटायचं, राहू दे, वाट बघून ठेवतील फोन. कोण विचारणार आहे? एकदा तसं केलं मी. दोन वेळा लावून पाहिला, तिसऱ्यांदा नाही लावला. दुसऱ्या दिवशी कळलं, एक मुलगी वॉर्डात शेवटच्या घटका मोजणाऱ्या आपल्या वडिलांशी बोलायला पलीकडे थांबली होती. तिची भेट राहून गेली ती कायमचीच. कुणी मला जाब विचारला नाही. कुणाला कळलंच नाही. मला कळलं, बस्स. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक फोन अर्ध्यावर सोडला नाही."

त्यांचा आवाज जरा खाली आला. "तुमच्या नळामुळे हिचा हात मोडला, तो दीड महिन्याने जुळेल. पण 'घट्ट झालाय, धर बिनधास्त' असं तिला मी सांगितलं होतं. तुमचा शब्द मी तिला दिला. आता मला सांगा, या इमारतीत असे किती नळ आहेत?"

'हा एकच' म्हणणं किती सोपं होतं! भिंती बंद होत्या, समोरचा माणूस आंधळा होता, आणि घरी जायची वेळ झाली होती. झटपटने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"सतरा," तो म्हणाला. "तुमचा धरून सतरा."

काकांनी मोठा श्वास सोडला. "आज पहिल्यांदा तुम्ही मला घट्ट काहीतरी दिलंत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी झटपट सकाळी आठला दारात हजर होता. हातात फळी होती. त्याने टाइल जपून उतरवल्या, बोर्ड दोन्ही खांबांच्या मध्यापर्यंत चौकोनी कापून काढला. फळी खांबांच्या मधे घट्ट बसवली, दोन्ही टोकांना लांब स्क्रू मारले. पाइपांची तोंडं लेव्हल लावून, अंतर मोजून फळीला आवळली. पाइपांना मागे चिमटे मारले, म्हणजे पाण्याच्या धक्क्याने ते आत थडथडायला नकोत. मग तोंडं बंद करून पाणी दाबाने सोडलं आणि तो अर्धा तास नुसता बसून राहिला. अर्धा तास! त्याच्या आयुष्यात तो कामावर असा कधी बसला नव्हता. जोडांवरून त्याने कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

"काका, या. भिंत बंद करायच्या आधी हात लावून बघा."

काकांनी फळीवरून बोटं फिरवली. दोन्ही टोकं चाचपली, स्क्रूची डोकी मोजली, पाइप धरून हिसका दिला. काही हललं नाही. "झकास!" ते म्हणाले. "कर रे बाबा आता बंद."

'अहो'वरून 'अरे'वर आल्याचं झटपटच्या लगेच लक्षात आलं, आणि आपले डोळे का भरून आले हे त्याचं त्यालाच कळेना.

तिथून तो थेट ठेकेदाराकडे गेला. ठेकेदाराने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "तुला वेड लागलंय का? सोळा घरांच्या भिंती फोडायच्या? ज्याचा हलेल त्याचा बघू ना!"

"साहेब, हलेपर्यंत थांबायचं म्हणजे कुणीतरी पडेपर्यंत थांबायचं."

"मग तू बघ बाबा. माझं नाव यात घेऊ नकोस."

झटपटने सुट्टीचे दिवस धरले आणि दारोदार जायला लागला. सोपं नव्हतं ते! 'तुमच्या नळात मी खोट ठेवली आहे, ती काढायला आलोय, काही द्यावं लागणार नाही,' असं कुणी दारात येऊन सांगितलं तर तुम्ही-आम्ही तरी काय करू? दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी "हा काय नवा धंदा?" म्हणत दार लावून घेतलं. एका बाईंनी तासभर फैलावर घेतलं. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, "मग आधीच का नाही केलंस?" "चुकलो," एवढंच तो म्हणाला. आजोबांनी दार सताड उघडलं.

चार घरं झाली. पाचवं घर एका शाळेतल्या बाईंचं होतं. त्यांचा नळ मुळीच हलत नव्हता. "कशाला फोडता चांगली भिंत?" त्या कुरकुरल्या, पण त्याने विनवलं म्हणून तयार झाल्या. बोर्डाचा तुकडा बाहेर आला आणि दोघांनीही नाक दाबलं. आतला जोड थेंब थेंब पाझरत होता, किती दिवसांपासून कोण जाणे. खांब काळा पडला होता. बोर्डाची मागची बाजू बुरशीने भरली होती, आणि त्या ओलीतून वितभर खाली विजेची तार गेली होती, शेजारच्या खोलीतल्या दिव्याकडे. तिच्या वेष्टणावर पाण्याचे थेंब उभे होते.

"अहो, ही तार..." बाईंनी तिच्याकडे बोट दाखवलं.

झटपटने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. बाईंना सगळं समजावून सांगितल्यावर त्या काही वेळ त्या भोकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो काळा, सडका तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळला, चप्पल घातली आणि म्हणाल्या, "चला. कुठे बसतो तुमचा ठेकेदार?"

ठेकेदाराच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी बाईंनी ते पुडकं उघडलं. "हा तुमच्या भिंतीचा तुकडा. हुंगून बघा."

ठेकेदार झटपटवर डोळे वटारणार होता, पण तुकडा बघून त्याचा नूर बदलला. तारेचं ऐकल्यावर तो खुर्चीतून उठला. बोलायला लागला तेव्हा आवाज वेगळाच होता. "झटपट, पाचव्या मजल्यावर कोपऱ्यातलं घर मी आईसाठी ठेवलंय. ती राहते तिथे. ते तुझ्या सतरांत आहे का रे?"

"आहे, साहेब."

ठेकेदार पुन्हा खुर्चीत बसला. "रोज सकाळी ती त्याच नळाला धरून..." टेबलावरचा तुकडा त्याने उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला, आणि तो हातातच धरून म्हणाला, "मी ओरडत होतो, 'भिंत बंद करा, भिंत बंद करा.' काय बंद करतोय ते एकदाही नाही विचारलं."

त्याच दुपारी त्याने दोन सुतार आणि एक टाइलवाला झटपटच्या हवाली केले. उरलेली घरं तीन आठवड्यांत झाली. चष्मेवाल्या गृहस्थांकडे ठेकेदार स्वतः गेला आणि दारात उभा राहून माफी मागून आला. काकूंचं प्लास्टर निघालं त्या दिवशी झटपटची बायको त्यांना भेटायला गेली. दोघी इतक्या वेळ बोलत बसल्या की काका आणि झटपट यांना चहा आपला आपणच करून घ्यावा लागला.

पुढच्या वर्षी ठेकेदाराने नवी इमारत घेतली. तिथे त्याने नियमच केला की आतलं काम तपासून सही झाल्याशिवाय एकही बोर्ड ठोकायचा नाही. तिसऱ्या मजल्यावर एका बाथरूममध्ये झटपटची फळी लागली होती, दाब देऊन तपासणी झाली होती, कागदावर सही झाली होती. बोर्डवाला हातोडा सरसावून म्हणाला, "करू का बंद?"

"कर," झटपट म्हणाला.

"जरा थांबा!" मागून आवाज आला. वायरमन होता. तरणाबांड गडी, कामात वाघ, कुणाचं ऐकून न घेणारा. तो पुढे आला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "माझाही एक जोड राहिलाय. म्हणजे... केलाय, पण घाईत केलाय. वरून टेप गुंडाळली आहे नुसती. बघणाऱ्याला कळणार नाही, पण... दहा मिनिटं द्या, नीट करतो."

बोर्डवाल्याने हातोडा खाली ठेवला. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. झटपटने आपल्या पिशवीतली बॅटरी काढली आणि वायरमनला जोड नीट दिसावा म्हणून भिंतीच्या आत उजेड धरून उभा राहिला.

वाचकहो, ही गोष्ट फक्त नळाची आहे असं समजू नका. आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या भिंतीच्या आत काम करतो. कुणी औषधाच्या पुड्या बांधतो, कुणी पुलाचे बोल्ट आवळतो, कुणी मुलांच्या वह्या तपासतो, कुणी फाइलवर सही करतो. त्यातलं बरंचसं काम कुणालाही कधी दिसणार नाही. पण त्याच कामाला धरून एखादी म्हातारी उठणार आहे, एखादं मूल निजणार आहे, आणि आपलं नावही त्यांना ठाऊक नसणार. त्यांनी न बघता टाकलेला तो भरवसा आपण जपायला हवा. चूक झाली असेल तर ती सांगायला लाजू नका, भिंत पुन्हा उघडता येते. आणि ज्यांच्या घरी काम चाललं आहे त्यांनीही नुसती टाइलची चमक बघून खूश होऊ नये. भिंत बंद होण्याआधी एकदा तरी वाकून आत बघावं आणि काम करणाऱ्याला विचारावं, "सगळं नीट झालं ना? की आणखी थोडा वेळ हवाय?"

तो वेळ त्याला आनंदाने द्या!